हातमोज्याची चव

नागपुरात डिसेंबरच्या अखेरीस पारा १० अंशांच्या खाली गेला की गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील प्युजेट साउंड या समुद्रखाडीत खोलवरचे पाणी जवळजवळ वर्षभर तेवढेच, म्हणजे ८ ते १२ अंशांच्या दरम्यान असते. मात्र पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेत असल्यामुळे तिथले १० अंश आणि आपल्याकडचे १० अंश यांची तुलनाच होऊ शकत नाही. मी स्कूबा डायव्हिंग शिकले ते मालवणजवळच्या तारकर्लीला, कोमट पाण्यात आणि पातळ वेटसूट घालून. या खाडीकाठच्या सिएटल शहरात भावाकडे गेले असताना मात्र तिथला ऑक्टोपस पाहण्यासाठी ड्रायसूट वापरायला नव्याने शिकावे लागले. मान आणि मनगटाशी घट्ट बसणाऱ्या या पोशाखात पाणी शिरतच नाही. आत लोकरीचे जाड कपडे घालायचे, खोल जाताना दाबाने सूट अंगाला आवळू लागला की सिलिंडरमधून त्यात थोडी हवा सोडायची, आणि या साऱ्या हवेमुळे तरंगू नये म्हणून कमरेला शिशाची जास्त वजने बांधायची. किनाऱ्यापर्यंत चालत जाणे हाच दिवसातला सर्वांत कष्टाचा भाग असतो.

आम्ही उतरलो ती जागा वेस्ट सिएटलमधील सीक्रेस्ट पार्कच्या किनाऱ्यालगत आहे. समोर एलियट बे आणि पलीकडे शहरातील उंच इमारती. पाण्याखाली मात्र हिरवट अंधार, वाळूचा उतार, बुडालेल्या लहान बोटी आणि लोखंडी तुळया. प्रवाळ नाहीत, झगमगीत माशांचे थवे नाहीत. आमची प्रशिक्षिका तिथे नेहमी उतरणारी होती, आणि ती ऑक्टोपस शोधत नव्हती, तर त्याचा उकिरडा शोधत होती. जायंट पॅसिफिक ऑक्टोपस खेकडे आणि शिंपले आपल्या बिळात नेऊन खातो आणि रिकामी कवचे दाराबाहेर टाकतो. साधारण १८ मीटर खोलीवर, एका तुळईखाली, खेकड्यांच्या पाठींचा आणि शिंपल्यांचा असा ढीग दिसला. टॉर्च थेट आत न रोखता तिने तो शेजारच्या वाळूवर धरला, आणि त्या परावर्तित उजेडात आधी चूषकांची, म्हणजे भुजांवरच्या चिकटून धरणाऱ्या वाट्यांची, एक रांग, मग एक डोळा दिसला.

बुबुळातील बाहुली आडव्या फटीसारखी होती. अंग राखाडी-तपकिरी वाटत होते, परंतु टॉर्चचा कडेचा प्रकाश पडताच ते विटकरी तांबडे दिसू लागले. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेत असल्यामुळे त्या खोलीवर तांबडे काही तांबडे दिसत नाही. गंमत अशी, की ज्या प्राण्याच्या त्वचेत रंग बदलणाऱ्या असंख्य पिशव्या आहेत, त्याच्या डोळ्यांत प्रकाश टिपणारे रंगद्रव्य एकाच प्रकारचे असते, म्हणजे आपल्या अर्थाने तो रंगांधळाच आहे. त्याचा तो सुंदर रंग त्या क्षणी फक्त आम्हीच पाहत होतो.

प्रशिक्षिकेच्या खुणेप्रमाणे मी हात पुढे करून स्थिर ठेवला. काही वेळाने एका भुजेचे टोक बाहेर आले, हातमोज्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत सरकले आणि एकेक चूषक टेकवत, उचलत, पुन्हा टेकवत राहिले. ओढ जाणवली, पण ती जबरदस्ती नव्हती.

परत आल्यावर हा प्रसंग मी ज्यांना ज्यांना सांगितला त्यांचे दोन गट पडले. सीताबर्डीला राहणाऱ्या मामांनी विचारले, “अन् त्यानं हात धरला, तं तू ओढला काहून नाही?” उरलेल्यांचे, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींचे, म्हणणे असे की त्याने हस्तांदोलन केले, मैत्री केली. मला मामांचा प्रश्न अधिक शहाणपणाचा वाटतो. त्याचे उत्तर सरळ आहे: ओढले की चूषक अधिक घट्ट धरतात, आणि मादीच्या प्रत्येक भुजेवर असे सुमारे २८० चूषक असतात. मैत्रीच्या कल्पनेविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे.

ऑक्टोपसचा चूषक केवळ धरत नाही, तो चवही घेतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या एका लहान जातीवरील जे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले, त्यात चूषकांमधील अशा ग्राहक-प्रथिनांचे वर्णन आहे, जी पाण्यात सहज न विरघळणारे पदार्थ स्पर्शाने ओळखतात. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश मेंदूत नसून भुजांमध्ये असतात, त्यामुळे बिळातल्या डोळ्याने माझ्याविषयी काही मत बनवण्याआधीच त्या भुजेने आपली चौकशी बरीचशी उरकली असणार. माझ्या हातात निओप्रीन या रबराचा जाड मोजा होता, त्यामुळे त्याची त्वचा मऊ होती की खरखरीत, हे मला कळले नाही. त्याला मात्र मोज्याची चव कळली, आणि ती खाण्याजोगी नसल्याचे कळताच भुजा मागे गेली. एवढ्या घटनेला मैत्री म्हणणे हा आपलाच हौसेचा अर्थ आहे.

तरीही हा प्राणी माणसाला केवळ खाद्य की अखाद्य एवढ्यावरच तोलतो, असे म्हणून मला मोकळे होता येत नाही, आणि याचे कारण त्याच शहरातले आहे. सिएटलच्या मत्स्यालयात याच जातीच्या आठ ऑक्टोपसांवर एक प्रयोग झाला होता. एकसारखा पोशाख केलेल्या दोन माणसांपैकी एक त्यांना नेहमी खायला देई आणि दुसरा नेहमी खरखरीत काठीने टोचे. दोन आठवड्यांत त्या दोघांशी त्यांचे वागणे वेगळे झाले. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ओळखण्याची क्षमता आहे. पण ओळखीसाठी वेळ लागतो, आणि १८ मीटरवर, जिथे एकूण दाब पृष्ठभागाच्या २.८ पट असल्याने सिलिंडरही तितक्याच वेगाने रिकामा होतो आणि बोटे बधिर होऊ लागतात, तिथे तेवढा वेळ कोणापाशीच नसतो.

जे थंड पाणी आम्हाला लवकर वर हाकलते, तेच त्याला मानवते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. ऑक्टोपसचे रक्त तांब्यावर आधारित हिमोसायनिनमुळे निळसर असते, आणि हे द्रव्य आपल्या हिमोग्लोबिनच्या तुलनेत प्राणवायू वाहण्यात कमी पडते. म्हणून दोन हृदये कल्ल्यांतून आणि तिसरे उरलेल्या शरीरात रक्त फिरवते. एवढी यंत्रणा बाळगणारा हा जगातील सर्वांत मोठ्या ऑक्टोपसांपैकी एक प्राणी जेमतेम तीन ते पाच वर्षे जगतो. मादी अंडी घातल्यावर काही महिने अन्नावाचून ती राखते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते.

याच किनाऱ्यावर २०१२ साली एका तरुण डायव्हरने असा एक ऑक्टोपस खाण्यासाठी पकडून बाहेर आणला. त्याच्याकडे परवाना होता, त्यामुळे कायद्याने ते चूक नव्हते. परंतु तिथल्या डायव्हरांनी इतका गदारोळ केला की २०१३ साली वॉशिंग्टन राज्याने सात जागी ऑक्टोपस पकडण्यावर बंदी घातली. या सातही जागा डायव्हरांच्या आवडीच्या आहेत. मला ही बंदी हवीच आहे, पण ती ऑक्टोपसपेक्षा आमच्या पाहण्याच्या आनंदाचे रक्षण अधिक करते, हेही मान्य करावे लागते.

विदर्भातून कोणाला जायचे असल्यास हिवाळा निवडावा. उन्हाळ्यात सूक्ष्म वनस्पतींची वाढ होऊन पाणी गढूळ होते. भरती-ओहोटीच्या मधला, प्रवाह मंदावण्याचा वेळ स्थानिक माणसाला विचारूनच उतरावे आणि ड्रायसूटचा सराव आधी उथळ पाण्यात करून घ्यावा. बिळात हात घालू नये, ऑक्टोपसला बाहेर काढण्याचे आमिष कोणी दाखवलेच तर नकार द्यावा, आणि भुजा तोंडाजवळ येऊ लागली तर शांतपणे मागे सरावे, कारण मास्क आणि रेग्युलेटर, म्हणजे श्वास घेण्याचे तोंडातले साधन, हेही तिला तपासावेसे वाटतात. थंडी सोसणार नसेल तर अंदमानला जावे. ऑक्टोपस तिथेही आहेत, फक्त आकाराने बरेच लहान.