होमरूलच्या आधीच्या बेझंटबाई

शाळेत अ‍ॅनी बेझंट भेटतात त्या टिळकांच्या शेजारी. १९१६ साली टिळकांची होमरूल लीग एप्रिलमध्ये, बाईंची सप्टेंबरमध्ये, आणि धडा संपतो. त्याआधीच्या, लंडनच्या पत्रकार बेझंटबाई आपल्याला कुणी शिकवतच नाही. मी कौटुंबिक न्यायालयात मुलांच्या ताब्याचे खटले चालवते. मला त्याच जास्त जवळच्या वाटतात.

डिसेंबर १८६७ मध्ये, विसाव्या वर्षी, त्यांचं फ्रँक बेझंट या पाद्र्याशी लग्न झालं. १८६९ मध्ये मुलगा डिग्बी झाला, १८७० मध्ये मुलगी मेबल. याच काळात त्यांनी एक गोष्ट ‘फॅमिली हेरल्ड’ या नियतकालिकाला पाठवली. तीस शिलिंग आले. आयुष्यातली पहिली कमाई! आत्मचरित्रात त्या लिहितात की त्यांनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. बायकोची कमाई कायद्याने नवऱ्याची, हे त्यांना पुढे कळलं.

पुढे मेबल डांग्या खोकल्याने मरणाच्या दारातून परत आली. तान्ह्या जिवाला असं तडफडवणारा देव दयाळू कसा, हा प्रश्न तेव्हा बाईंच्या मनात शिरला तो निघालाच नाही. १८७३ मध्ये फ्रँकने बजावलं, चर्चचे विधी पाळ, नाहीतर घर सोड. त्यांनी घर सोडलं. डिग्बी बापाकडे राहिला, मेबल आईकडे आली. नास्तिक विचारांचे पुढारी चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या ‘नॅशनल रिफॉर्मर’ या पत्रात ‘एजॅक्स’ या नावाने त्या लिहू लागल्या. १८७७ मध्ये संततिनियमनाची पुस्तिका छापली म्हणून दोघांवर खटला झाला, आणि मेबलला आईकडून काढून घ्यायला फ्रँकला हवं ते निमित्त मिळालं.

१८७८ चा तो निकाल मला आजही अस्वस्थ करतो. न्यायमूर्ती जॉर्ज जेसेल यांनी मान्य केलं की आईने मुलीची उत्तम काळजी घेतली आहे. तरीही मेबल बापाला दिली, कारण आई तिला धर्माचं शिक्षण देत नव्हती! आपल्याकडे रखमाबाईंना १८८७ मध्ये ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात’ असा हुकूम झाला, त्यामागची कल्पनाही याच इंग्लिश कायद्यातून आलेली होती.

बाईंची लेखणी थांबली नाही. १८८५ मध्ये त्या फेबियन सोसायटी या समाजवादी संस्थेत गेल्या. २३ जून १८८८ च्या ‘द लिंक’ या आपल्या पत्रात त्यांनी ब्रायंट अँड मे या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींवर लिहिलं. सोळा वर्षांची एक मुलगी आठवड्याला चार शिलिंग कमावते. पाय मळके दिसले की तीन पेन्स दंड. यंत्रात बोटं कापली जाऊ नयेत म्हणून एकीने हात मागे घेतला, माल गुंतला, तर एक शिलिंग दंड, आणि वर ऐकवलं, ‘यंत्र सांभाळ, बोटांचं राहू दे.’ लेख खोटा आहे असं मालकांना लिहून द्यायला मुलींनी नकार दिला. जुलैत सुमारे चौदाशे जणी बाहेर पडल्या. दंड रद्द झाले, संघटना उभी राहिली आणि बाई तिच्या चिटणीस झाल्या. पोटची मुलगी ज्यांना जवळ ठेवू दिली नाही, त्या या परक्या पोरींसाठी अशा उभ्या राहिल्या.

फ्रँकशी घटस्फोट कधीच झाला नाही. मुलं मात्र सज्ञान झाल्यावर आपणहून आईकडे आली. मेबल आलीच, लहानपणापासून बापाच्या घरी वाढलेला डिग्बीसुद्धा आला.