सिंक यशस्वी

आमचा प्रोग्रॅम फोनमधले आणि संगणकावरचे नंबर एकमेकांशी जुळवून ठेवतो, म्हणजे सिंक करतो. सपोर्टकडून आलेली तक्रार एका ओळीची होती: "फोन जोडला आणि सगळे नंबर गेले." असल्या तक्रारी आम्हाला रोजच्याच. बहुतेक वेळा नंबर कुठे गेलेले नसतात, भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन बसलेले असतात. म्हणून निवांतपणे लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने काय काय केलं त्याची नोंदवही, उघडला.

सिंकआधी संगणकावर: 1143. आता फोनमध्ये: 0. संगणकावरून डिलीट: 1143. आणि खाली आमच्याच प्रोग्रॅमने स्वतःला दिलेली शाबासकी: सिंक यशस्वी.

पोटात गोळा आला. तक्रार करणाऱ्या बाईंना लगेच फोन लावला.

"त्यानंतर पुन्हा फोन जोडलात का?"

"छे हो, हात लावायची हिंमतच झाली नाही."

"उत्तम. आम्ही सांगेपर्यंत जोडूच नका."

फोन दुरुस्तीहून आला होता, फॅक्टरी रीसेट होऊन, कोरा करकरीत. संगणकावरचे नंबर फोनमध्ये उतरावेत म्हणून त्यांनी तो जोडला, आणि झालं नेमकं उलटं. फोनमध्ये काहीच नाही, म्हणजे मालकाने सगळं पुसलं असणार, असं आमच्या प्रोग्रॅमने ठरवलं आणि तिकडचा रिकामेपणा इमानेइतबारे इकडे आणला.

या घोटाळ्यावरचा उपाय काही नवा नाही. 2000 साली आलेल्या सिंकएमएलमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या उपकरणांनी आपापला डेटा कसा जुळवायचा याच्या ठरलेल्या नियमांत, तो आहेच. प्रत्येक सिंकच्या शेवटी दोन्ही बाजू एक खूण जपून ठेवतात, तिला अँकर म्हणतात. पुढच्या वेळी खुणा जुळल्या तर फक्त बदल पाठवायचे. नाही जुळल्या तर कशावरच विश्वास न ठेवता अख्खी यादी एकेक नोंद करून ताडायची. याला स्लो सिंक म्हणतात. "पुन्हा पहिल्यापासून ताडा" हे सांगायला 508 असा वेगळा कोडसुद्धा आहे. आमचा प्रोग्रॅमही याच पद्धतीने फोनवर अँकर लिहून ठेवायचा. रीसेट झालेल्या फोनवर तो नव्हता. मग स्लो सिंक का झालं नाही?

कारण दोन वर्षांपूर्वी मीच एक ओळ घातली होती: फोनकडून अँकर रिकामा आला, तर आपल्याकडचा खरा धरा. काही फोन अधूनमधून अँकर विसरायचे, मग स्लो सिंक व्हायचं, आणि एकेका माणसाच्या दोन-दोन नोंदी तयार व्हायच्या. लोक वैतागायचे, सपोर्टवाले माझ्या डोक्यावर बसायचे. ती ओळ घातल्यावर दुहेरी नोंदींच्या तक्रारी थांबल्या आणि माझं कौतुकही झालं. तक्रारी मात्र थांबायलाच हव्या होत्या का, हे कोणी विचारलं नाही. दुहेरी नोंद डोळ्यांत खुपते, पण ती पुसता येते.

सुदैवाने डिलीट झालेली नोंद आम्ही लगेच फेकत नाही. "ही गेली" अशी खूण लावून पुढच्या सिंकपर्यंत ठेवतो, नाहीतर दुसऱ्या बाजूला ती गेल्याचं कळणार कसं? या नोंदींना टूमस्टोन म्हणतात, म्हणजे समाधीचा दगड. बाईंकडून डेटा फाइल मागवली आणि संध्याकाळपर्यंत समाध्या उकरत बसलो. माणसं जिवंत बाहेर आली, 1146. तीन जास्तच.

ती ओळ काढणं सोपं होतं, पण नुसती काढली असती तर दुहेरी नोंदी परत आल्या असत्या. त्या का होतात हे शोधायला पुढचे तीन आठवडे गेले. फोन लांब नाव मध्येच तोडायचा, न पेलणारे रकाने गाळायचा; नंबरमधली मोकळी जागा आणि आडव्या रेघा काढून टाकायचा. आम्ही मात्र अक्षर न् अक्षर ताडत होतो, त्यामुळे माणूस तोच असूनही परका ठरायचा. वास्तविक आपण काय काय साठवू शकतो हे फोन सांगतो. आम्ही ते कधी वाचतच नव्हतो! आता फोनला पेलतात तेवढेच रकाने ताडतो, आणि नंबर आधी साफ करून घेतो.

शिवाय एका फटक्यात चौथ्या हिश्श्याहून जास्त नोंदी जाणार असतील तर प्रोग्रॅम आधी प्रत काढून ठेवतो आणि विचारतो. या खिडकीवरून टीममध्ये चांगलीच जुंपली. लोक मजकूर न वाचता ओके दाबतात, मी स्वतःही दाबतो. शेवटी बटणांवर "1143 नोंदी पुसा" आणि "थांबा" असं लिहिलं, आणि एंटर दाबला तर "थांबा" लागू होईल असं केलं.

त्या जास्तीच्या तिघांचा उलगडा बाईंनीच केला. फोन जोडण्याआधी त्याच सकाळी त्यांनी संगणकावरून तीन नंबर स्वतः काढले होते. "तेही आले की हो परत," त्या म्हणाल्या. नव्या आवृत्तीवर त्यांनी ते फोनमधून पुसले आणि फोन जोडला. मी लॉग मागवला. डिलीट: 3. सिंक यशस्वी.