केद्रोदासोस: क्रीटच्या नैर्ऋत्य टोकाचा शांत किनारा

ग्रीसमधील क्रीट बेटाच्या नैर्ऋत्येला असलेला एलाफोनिसीचा गुलाबी छटेचा किनारा आता इतका प्रसिद्ध झाला आहे की, ऐन उन्हाळ्यात तेथे छत्र्यांच्या रांगांतून वाट काढत पाण्यापर्यंत पोहोचावे लागते. तेथून पूर्वेला जेमतेम एक किलोमीटरवर केद्रोदासोस आहे. तेथे हॉटेल नाही, दुकान नाही, नळ नाही, स्वच्छतागृह नाही आणि जीवरक्षकही नाही. माझ्या मते किनारा शांत राहिला तो यामुळेच. त्यामुळे जाणाऱ्याने सारी तयारी आधीच करून निघावे.

हानिया शहरापासून एलाफोनिसी सुमारे ७५ किलोमीटर असले, तरी रस्ता टोपोलियाची घळई आणि तिथला अरुंद बोगदा पार करत डोंगरातून वळणे घेत जातो, म्हणून दीड ते दोन तास हाताशी ठेवावेत. भाड्याची गाडी घ्यायची असल्यास आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्यावा. केद्रोदासोसजवळचा शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा आहे आणि अशा रस्त्यावर झालेले नुकसान पुष्कळदा विम्यात धरले जात नाही, हे करारात वाचून घ्यावे. आम्ही गाडी एलाफोनिसीलाच ठेवून ‘ई-४’ या पायवाटेने चालत गेलो. खडक आणि वाळू यांवरून जाणारी ही वाट अर्ध्या तासाची आहे. चपलांऐवजी बूट घालावेत.

किनाऱ्यामागे वाळूच्या टेकड्यांवर जुनिपरची जुनी झाडे आहेत. कोकणातील सुरूच्या बनात माणूस ताठ उभा राहून फिरतो. येथे मात्र वाऱ्याने पिळवटलेल्या फांद्या जमिनीलगत पसरलेल्या असल्याने सावलीत शिरायचे तर वाकावेच लागते. जवळून पाहिल्यास वाळू सरकून उघडी पडलेली मुळे दिसतात, दोरखंडासारखी जाड आणि उन्हाने करडी झालेली. हे झाड अतिशय सावकाश वाढते. त्यामुळे मुळांवर पाय देणे, फांद्यांना टॉवेल किंवा झोळी बांधणे आणि वाळक्या काटक्या जाळणे कटाक्षाने टाळावे. उघड्यावर तंबू ठोकण्यास ग्रीसमध्ये कायद्याने मनाई आहे, तरीही काही जण तेथे मुक्काम करतात. त्यांचे अनुकरण करू नये.

पाणी इतके नितळ आहे की कमरेइतक्या खोलीवरही तळाचे खडे मोजता यावेत. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून ‘मेल्टेमी’ वारा वाहतो. या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर तो जमिनीवरून समुद्राकडे जात असल्याने पाणी वरवर शांत दिसते, पण हवा भरलेली गादी किंवा ट्यूब पाहता पाहता दूर खेचली जाते. मुलांसोबत जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सप्टेंबर महिना सर्वांत सोयीचा: पाणी उबदार असते आणि गर्दी ओसरू लागलेली असते. येथे काही जण विवस्त्र स्नान करतात; कुटुंबासह जाणाऱ्यांना हे आधी ठाऊक असलेले बरे, आणि छायाचित्रे घेताना भान राखावे.

माणशी किमान दोन लिटर पाणी न्यावे. हानियातूनच पाव, टोमॅटो आणि स्थानिक ग्राव्हिएरा चीज घेतल्यास दुपारची सोय होते. कचऱ्यासाठी पिशवी ठेवावी आणि ती भरून परत आणावी. उन्हाळ्यात हानियाहून एलाफोनिसीला बसही जाते. तिने जाणार असल्यास परतीच्या गाडीची वेळ सकाळी उतरतानाच चालकाला विचारून, अर्ध्या तासाची पायपीट धरून किनारा वेळेवर सोडावा, कारण ती चुकल्यास हानियापर्यंत टॅक्सीचे भाडे चांगलेच महागात पडते.