मामांचा पॅरालिसिस आणि घरातला मोबाइल

मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मेंदूत डाव्या बाजूला गुठळी अडकली. उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. सगळं कळायचं, पण शब्द बाहेर पडायचा नाही. मागाच्या खडखडाटात आवाज चढवून बोलत जन्म काढलेला माणूस, त्यांना पाणी मागता येईना. दवाखान्यातून सुट्टी मिळाली ती गोळ्यांची यादी आणि व्यायामाचा एक कागद घेऊन. पुढचं सगळं घरीच करायचं होतं.

चित्रावर बोट ठेवलं की फोन तो शब्द बोलतो, असं एक अ‍ॅप स्पीच थेरपिस्टनी सुचवलं. त्यातली तयार चित्रं सँडविच, बाथटब अशी. मामा बघायचे आणि मान फिरवायचे. मग मी आमच्याच घरातले फोटो काढून घातले: त्यांचा स्टीलचा पेला, चष्मा, बाथरूमचा निळा दरवाजा, शेंगाचटणीची बरणी, आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, चेहरा. शब्द माझ्या मुलाच्या आवाजात भरले. एका पानावर चारच फोटो ठेवले, कारण डाव्या हाताचं बोट नेमकं पडायला जागा मोठी लागते. हळूहळू पेल्यावर बोट ठेवून फोनच्या मागोमाग तेही ‘च्या’ म्हणू लागले. आत्या दर वेळी उठून आधण ठेवायच्या. चटणीची बरणी ते सारखी दाबत, पण बीपीमुळे मीठ कमी करायचं होतं, तिथे मन घट्ट करावं लागलं.

फिजिओथेरपिस्ट जुळे सोलापूरला, आम्ही अशोक चौकाकडे. मे महिन्यातल्या उन्हात मामांना रिक्षात चढवणं-उतरवणं म्हणजे दोघांचं काम. म्हणून दर शनिवारी व्यायामाचा व्हिडिओ पाठवायचं ठरलं. टेबलावर टॉवेल, त्यावर उजवा हात, तो पुढे सरकवायचा. आम्हाला वाटायचं हात छान जातोय. व्हिडिओ बघून त्यांचा फोन आला: “हात नाही जात, खांदा उचलून अंग पुढे ढकलतायत. पाठ खुर्चीला टेकवा. आणि उठवताना त्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो.” हे कागदावरून आम्हाला कधीच कळलं नसतं.

गोळ्यांचा अलार्म आत्यांच्या फोनवर लावला. गोळी पोटात गेल्याशिवाय तो बंद करायचा नाही, हा घरचा नियम. बीपी रोज ठरल्या वेळी, पाच मिनिटं शांत बसवून मोजायचं आणि अ‍ॅपमध्ये टाकायचं. तो आलेख बघून डॉक्टरांनी डोस बदलला.

अ‍ॅपकडून किती आशा धरावी, हेही मी शोधलं. भारतात ३१ केंद्रांवर ४,२९८ रुग्णांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना त्यांच्या भाषेत एसएमएस, व्हिडिओ आणि पुस्तिका दिली. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले: वर्षभरात पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण गोळ्या नियमित घेणं सुधारलं. म्हणून १०८ नंबर मी सगळ्यांच्या फोनवर पहिल्या पानावर ठेवलाय. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर आधी तो लावायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात.

सध्या पेला उजव्या हातात धरण्यावर गाडी अडली आहे. बोटं मिटतात, उघडत नाहीत. या शनिवारी त्याचाच व्हिडिओ पाठवणार आहे.