चाळिशीनंतर ऑनलाइन ट्रेनिंग जमतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"आमच्याकडच्या बायका चाळीस-पंचेचाळीसच्या पुढच्या, शाळा सातवी-आठवीपर्यंत झालेली, त्यांना हे फूड सेफ्टीचं ऑनलाइन ट्रेनिंग जमणार आहे का हो?" हा प्रश्न मला रत्नागिरीकडचे फिश कंपनीवाले विचारतात, काजू फॅक्टरीवाले विचारतात, आंब्याचे पॅकहाऊसवाले तर दर सीझनच्या तोंडावर विचारतात, आणि परवा परत एकदा फोनवर आला म्हणून आता सविस्तर लिहूनच टाकते.

जमतं. छान जमतं. फक्त ट्रेनिंगची सुरुवात त्यांना कामावर जो निर्णय घ्यावा लागतो तिथून झाली पाहिजे, आणि बहुतेक कोर्स नेमके तिथून सुरू होत नाहीत. फूड सेफ्टीचा कुठलाही कोर्स उघडा, पहिल्या स्लाइडवर एचएसीसीपीची (म्हणजे अन्नात धोका कुठे शिरू शकतो ते आधीच ओळखून तिथेच आवरायची पद्धत) व्याख्या, दुसऱ्यावर इतिहास, की १९६०च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी नासा आणि पिल्सबरी कंपनीने ही पद्धत बसवली वगैरे. गोष्ट खरी आहे, मला स्वतःला आवडते पण, पण पहाटे बर्फात हात घालून माल उतरवून घेणाऱ्या ताईला त्याने काय करायचंय?

बांगड्याचंच घ्या. रिसीव्हिंगला, म्हणजे कंपनीत आलेला माल तपासून घ्यायला, जी बाई उभी असते तिने जन्मभर मासे हाताळलेत. डोळे बघते, कल्ले उघडून लाल आहेत का बघते, बोटाने दाबून खड्डा भरून येतो का बघते, आणि "हा नको, डोळे बघ हेचे" म्हणून मोकळी होते. अशा बाईला "ताजा मासा कसा ओळखावा" यावर वीस मिनिटांचा व्हिडिओ दाखवणं मला अपमानच वाटतो. तिला जे नजरेने कळू शकत नाही ते सांगा ना. बांगडा, कुपा असल्या माशांमध्ये हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं, मासा नीट गार राहिला नाही तर जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि हे एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. आणि मासा दिसायला, वासाला ठीकठाक असू शकतो!

म्हणून धडा असा करायचा: क्रेटचा फोटो, डोळे स्वच्छ, कल्ले लाल, पण बर्फ बराचसा वितळलेला आणि थर्मामीटरवर ११ अंश. प्रश्न एकच, घ्याल, परत पाठवाल, की बाजूला ठेवून सुपरवायझरला बोलवाल? पुष्कळ जणी "घेऊ" म्हणतात कारण त्यांची नजर तेच सांगते, आणि मग आपण हिस्टामाइन सांगायचं, ४ अंशांच्या आत माल का लागतो ते सांगायचं. आता ऐकतात, वाद घालतात, "मग त्या दिवशी ती गाडी आली होती तिचं काय" असं विचारतात. आधी प्रश्न, मग माहिती, हा क्रम उलटा केलात तर हा वाद होतच नाही आणि वाद झाला नाही तर काही राहत पण नाही. चुकीच्या उत्तराला नुसती लाल फुली दाखवू नका, त्या मालाचं पुढे काय होतं ते दाखवा. पोपट-ससे नाचवू नका, मोठी माणसं आहेत ती.

माल्कम नोल्स नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९७०च्या दशकात हेच मांडलं, की मोठ्या माणसाला आधी "हे मला कशाला" ते कळावं लागतं आणि त्याचा अनुभव हा शिकण्यातला मोठा ऐवज असतो. आपल्याकडे अनुभव भरपूर आणि कोर्स बनवणारा तो विचारतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

व्हिडिओ किती मिनिटांचा असावा हेही विचारता. एक निर्णय, एक व्हिडिओ, बस. मराठीत, बोलल्यासारखा आवाज, आणि जे बोलताय तेच सगळं अक्षरशः स्क्रीनवर लिहू नका, डोळे वाचण्यात अडकतात आणि चित्र बघायचं राहून जातं. डाउनलोड करून चालेल असा हवा, कारण पावसात लाईट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही. आणि फोन बहुतेकदा मुलाकडे असतो, प्रोसेसिंगच्या हॉलमध्ये फोन न्यायला बंदी, तेव्हा चहाच्या खोलीत एक टॅब ठेवा आणि ट्रेनिंग शिफ्टच्या पगारी वेळेत घ्या. "घरी जाऊन बघा" म्हणू नका, घरी गेल्यावर चूल आहे, पोरं आहेत.

सीझनचं पण बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून सगळे म्हणतात तेव्हाच सगळं ट्रेनिंग उरकू. पण तेव्हाच भातलावणी असते हो, त्याच बायका शेतात असतात. आणि जूनमध्ये शिकलेलं ऑगस्टमध्ये बोटी सुटेपर्यंत किती राहणार? हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं. यावर उपाय परत व्हिडिओ दाखवणं नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, एक उतारा काहींना परत वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला लावला, तर पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते पण आठवड्याने घेतली तेव्हा स्वतः आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून ऑगस्टमध्ये दर आठवड्याला एक नवा क्रेट, एक प्रश्न, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा चहाच्या वेळी तोंडी, एवढंच ठेवा.

आणि "शंभर टक्के कम्प्लीशन" बघून खूश होऊ नका. डोनाल्ड किर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या, आवडलं का, शिकले का, कामात बदल झाला का, कंपनीला फरक पडला का, आणि आपण पहिल्या-दुसरीवरच सर्टिफिकेट छापतो. तापमानाचं रजिस्टर काढून बघा. आकडे खरे मोजून लिहिलेत की शिफ्ट संपताना एका हाताने भरलेत ते लगेच कळतं. आणि ताईने क्रेट बाजूला ठेवला आणि सुपरवायझर "घे गं, गाडी थांबलीय" म्हणाला तर कुठलाच कोर्स टिकणार नाही, म्हणून सुपरवायझरला तोच धडा आधी द्या.

आता पुढच्या वेळी फोन करायच्या आधी एक करा, रिसीव्हिंगच्या दोन-तीन जणींना विचारा की माल घ्यावा की नको हा प्रश्न तुम्हाला नेमका कधी पडतो. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठवा, पहिले धडे त्यातूनच करू.