दारातला पाना

शनिवार, रात्री

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली. वखरणी आटोपली, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, लागवडीला अजून महिना आहे. म्हणून आज अँबेसिडरच्या दारांना हात घातला. गाडी 1984 ची, मार्क 4. बाबांनी ती 1991 साली जुनीच घेतली होती. कारखान्यातून ही गाडी निघणं 2014 मध्येच बंद झालं, आमची मात्र दारव्ह्याच्या बाजाराला अजून जाते. इंजिनची मला काळजी नाही. काळजी दारांची. आतल्या बाजूचं रेक्झिन उन्हानं तडकलेलं, आणि खालचा हार्डबोर्ड भिजवलेल्या टोस्टासारखा फुगून सुटा झालेला.

सकाळी साडेसहालाच बसलो, कारण दहानंतर त्या पत्र्याला बोट लावता येत नाही. आधी आर्मरेस्टचे स्क्रू काढले. मग काच फिरवायचा हँडल. या हँडलला बाहेरून स्क्रूच नाही, आणि नवा माणूस इथेच फसतो. हँडलमागची वाटी दारावर दाबून धरायची, म्हणजे बारीक पिन दिसते. ती डोकं छाटलेल्या खिळ्यानं ठोकून काढायची. वाटीच्या आत स्प्रिंग असते, त्यामुळे दाबायला एक माणूस आणि ठोकायला दुसरा. पुतण्याला धरलं. पहिलीच पिन उडून तुरीच्या पोत्यांमागे गेली, तर म्हणतो, "काका, आता हे गोदामच खाली करा लागते."

पॅनल हातानं ओढायचं नाही. बोथट सुरी घालून क्लिप शोधायची आणि तिच्या अगदी जवळ उचलायचं. मी पहिल्या दाराला घाई केली आणि कुजका बोर्ड तीन ठिकाणी क्लिपसकट फाटला. तसाही तो टाकूनच द्यायचा होता, पण नव्यासाठी आकार त्याच्यावरूनच काढायचा होता. आता तुकडे जमिनीवर जुळवून पेन्सिल फिरवावी लागेल.

रविवार

बोर्ड का कुजला ते आज कळलं. मी समजत होतो, काचेच्या कडेनं पाणी आत जातं हाच दोष. तसं नाही. पाणी सगळ्याच गाड्यांच्या दारात जातं. काच वरखाली व्हायची म्हणजे फट राहणारच. ते आतल्या आत उतरून दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जावं, आणि बोर्डाला लागू नये म्हणून पॅनलमागे पन्नी, म्हणजे प्लास्टिकचा कागद, असावी, अशी मूळ सोय आहे. आमच्या डाव्या मागच्या दारात पन्नीचा एक कोपरा तेवढा डिंकाला चिकटून उरलेला, बाकी कुणीतरी फाडून फेकलेली. आणि तळाची भोकं बंद. त्यात कुंभारमाशीनं मातीची घरं बांधलेली, वरून धूळ, सरकी आणि गंजाचा चुरा. पावसाळाभर दार म्हणजे बैलांची डोणी झालं असणार.

तारेनं भोकं मोकळी करता करता तळाशी काहीतरी खडखडलं. हा आवाज घरात सगळ्यांच्या ओळखीचा. खड्डा आला की दार वाजायचंच. हात आत घातला, मनगटाला पत्र्याची धार लागली, आणि गंजलेला रिंग पाना बाहेर आला. दांड्यावर निळा पट्टा.

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून रंग उरला की बाबा त्यातलाच एक पट्टा प्रत्येक अवजारावर ओढत. कॅनव्हासच्या गुंडाळीत पान्यांची रांग आणि मधला एक कप्पा रिकामा, हे मी शाळेत होतो तेव्हापासून बघतो आहे. तो कप्पा रिकामा झाला त्या वर्षी घरात एक सालगडी होता. पाना त्यानंच विकला, असं बाबा म्हणाले. त्याला, त्याच्या तोंडावर, अंगणात, चार माणसांत. तो काही बोलला नाही. पाडवा आला तेव्हा त्यानं आमच्याकडे साल धरलं नाही, बाजूच्या गावी गेला. आई पुढे कितीतरी दिवस म्हणायची, गडी वाईट नव्हता.

त्याच सुमारास याच दारातली काचेची मशीन बदलली होती. मिस्तरी घरी आला होता, पाना आमचाच मागून घेतला होता. पन्नी त्यानंच फाडली असणार आणि पाना आत विसरून वरून पॅनल ठोकून दिलं असणार. इतकं सरळ आहे. तीस वर्षं तो पाना आमच्यासोबत लग्नाला, बाजाराला, दवाखान्यात फिरला.

बाबा पडवीत खाटेवर होते. पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी धोतराच्या सोग्यानं निळा पट्टा पुसून पाहिला. बराच वेळ. मग म्हणाले, "आन् मी दर दिवाळीले बिजागरीले तेल देत होतो."

दुसरं काही नाही. चहासुद्धा मागितला नाही.

बुधवार

यवतमाळहून तीन एमएमचा हार्डबोर्ड आणि चॉकलेटी रेक्झिन आणलं. मूळ पॅनलवरच्या रेषा कारखान्यात उष्णतेनं दाबलेल्या असतात. तशा घरी येत नाहीत. कुशनवाला म्हणाला, "भाऊ, मी शिलाई मारून देतो, दुरून सेमच दिसते." दुरून दिसतेही. जवळून नाही, पण दार कोण जवळून बघतो.

बोर्ड कापून दोन्ही बाजूंना आणि खास करून कडांना ऑइलपेंटचे दोन हात दिले. पाणी कडेतूनच शिरतं. रेक्झिन चिकटवताना फजिती झाली. दोन्हीकडे सोल्यूशन लावून थोडं सुकू द्यायचं आणि मग बसवायचं, पण आमच्या उन्हात ते इतकं पटकन सुकतं की बसवायला वेळच देत नाही. दुपारी लावलेला पहिला तुकडा सुरकुत्या पडून वाया गेला. बाकीचे रात्री नऊनंतर, पंख्याखाली केले. कोपऱ्यांना कातर मारून कड तीन सेंटिमीटर मागे वळवली.

पन्नी खताच्या पोत्याच्या आतली घेतली, जाड असते. ती चारदा धुतली, कारण खताचा कण राहिला तर पत्रा खाऊन टाकेल. महत्त्वाचं म्हणजे तिची खालची कड दाराच्या खाचेतून आत सोडायची. बाहेर ठेवली तर पाणी पन्नीवरून ओघळून पुन्हा बोर्डावरच येतं. पुतण्यानं एका दाराला बाहेर ठेवली होती, ते परत खोललं.

शुक्रवार

तीन दारं लागली. डाव्या मागच्या दाराला दोन क्लिपा कमी पडल्या. पुढच्या बाजाराला आणीन. तोवर ते पॅनल भिंतीला टेकवून ठेवलं आहे.

पाना गुंडाळीत परत ठेवायला गेलो, तर बाबांकडे मागावा लागला असता. तो त्यांच्या उशीखाली आहे. सकाळी चहा देताना त्यांनी विचारलं, "त्याचा पोरगा कुठी असते रे आता?"

मी म्हटलं, विचारतो.

"पोराले नको विचारू. तो हाय का, ते विचार."