हातातली पिशवी आणि दोन उपनगरं

मुलं आपापल्या घरी गेली, तसं शहरातलं मोठं घर खायला उठलं. विकायचं ठरलं, अडलं ते दोन उपनगरांपाशी. एकात घर स्वस्त, पण स्टेशनपासून लांब. दुसऱ्यात महाग, पण पायी दहा मिनिटांवर.

दलाल नेहमी सकाळी अकराला न्यायचा. तेव्हा काय, सगळंच शांत नि छान! म्हणून एकदा संध्याकाळी सातला मी एकटीच गेले, भरलेली पिशवी घेऊन. स्वस्त घराचा रस्ता चढाचा, निम्मे दिवे बंद, शेवटची बस साडेआठला. गुडघ्यांनी तिथेच निकाल दिला.

महागच घेतलं, एक खोली कमी करून. चटईक्षेत्र स्वतः टेप लावून मोजलं. दार मोजायचं तेवढं राहिलं. आईचं शिसवी कपाट अजून जिन्यात उभं आहे.